तलावावरची धार

माझं कुणीच खरं मानलं नाय. नवरा म्हणाला, उन्हानं तुझं डोकं फिरलं. सासू म्हणाली, जाऊ गेली, आता दिराच्या जिवावर उठलीस. मी चौथी शिकलेली बाई, पण मला डोळे हायेत. तुम्ही ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

सोयगावच्या वर डोंगरात आमची वस्ती. उन्हाळ्यात शेळ्या पाण्याला वरच्या तलावावरच न्याव्या लागतात. माझी धाकटी जाऊ केसरबाई तिथंच बुडाली, पोटुशी असताना. दीर रडत आला, "पाय घसरला हो तिचा!" प्रेत घावलंच नाय. डोंगरातली पोरगी ती, शेळीसारखी कड्यावरून चालायची, आणि सपाट काठावर घसरली? दारू प्याला की दीर तिला विचारायचा, लेकरू माझंच कशावरून? मी भिंतीपलीकडून ऐकलंय. पण पोलिसांनी अपघात लिहिला आणि घरच्यांनी दिरासाठी दुसरी पोरगी बघायला घेतली.

केसरच्या शेळ्या माझ्या गळ्यात पडल्या. शेळीला एका बाईच्या हाताची सवय लागली की दुसरीला ती पान्हा सोडत नाय. मग आमच्याकडं पहिलीची न धुतलेली साडी नेसून धारेला बसतात. वासानं जनावर फसतं. मी केसरची हिरवी साडी नेसले, शेळ्या फसल्या. फर्दापूरच्या हाटेलांत दूध पुन्हा जाऊ लागलं.

चैत्रात मात्र सांजेचं दूध बंद झालं. शेळ्या तलावावरून यायच्या त्या रिकाम्या कासेनं. त्यांच्यामागं दीर असायचा.

"भाऊजी, दूध कुठं मुरतंय?"

"मला काय ठावं? तुमच्या हाताला गुण नाय, वहिनी."

"गुण नाय व्हय? मग उद्या मीच जाते शेळ्यांमागं."

त्याच्या हातातला घास तसाच राहिला. "तलावावर नका जाऊ..."

"का?"

"ऊन लई हाय."

उन्हाची भीती मला? दुसऱ्या दिवशी सकाळची धार काढून, त्याच साडीवर मी शेळ्या हाकलल्या.

भर दुपार. खोऱ्यात पाखरू बोलत नव्हतं. तलाव आटून निम्म्यावर आलेला, काठाला गाळाचा कुजका वास, आणि त्या वासात निरशा दुधाचा वास. मी पदर डोक्यावर ओढून काठावर बसले, चोर कुठून येतो ते बघत.

चोर आला नाय. शेळ्याच पाण्यात उतरल्या. शेळी पाण्यात खूर बुडवत नाय हो, पावसाच्या थेंबाला पळते! या पोटापर्यंत गेल्या, मागचे पाय फाकवले, डोळे मिटून रवंथ करत उभ्या राहिल्या. धारेला उभ्या राहतात तशा.

चर्र... चर्र...

कासेखाली पाणी पांढरं झालं. पण ते दूध पसरलं नाय. एक बारीक रेघ होऊन सरळ खाली गेलं. खालून कुणी ओढावं तसं.

तेवढ्यात मागं बांधावर चपला वाजल्या आणि थांबल्या.

"केसर..."

दिराचा आवाज. मी मान वळवली नाय.

"दगड कसा सुटला गं? मी तर... घट्ट बांधला होता..."

मग मी वळले. त्यानं माझं तोंड बघितलं आणि खालीच बसला.

"वहिनी... तुम्ही व्हय?"

"कसला दगड, भाऊजी?"

"कुठला दगड? मी काय बोललोच नाय."

वस्तीवर त्यानं आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि मी खोटी ठरले.

त्या दिवसापासून मी शेळ्या तिकडं नेत नाय. दावी तोडून त्या आपल्या आपण जातात. काल आल्या तर एकीच्या सडावर दात उमटलेले. करडाला वरचे दात नसतात. हे वण खाली-वर दोन्हीकडं होते, तांदळाएवढे, नुकत्या फुटलेल्या दातांचे.

उद्या मी पोलिसांत जाणार. तलाव उपसा म्हणणार. आजवर दिराचं नाव कधी तोंडानं घेतलं नाय, मान ठेवला, भाऊजीच म्हणत आले. आता साहेबासमोर घेणार. केसरला दगड बांधून कुणी बुडवलं? बन्सीनं.