खिडकीचा तास

शनिवारी सकाळची शाळा असे. कवायत झाली, पाढे झाले, की शेवटचा तास खिडकीचा.

येडशी स्टेशनापासून रुळाच्या कडेकडेनं चालत गेलं की आमची वाडी लागायची. शाळेला दोन खोल्या होत्या आणि चौथीच्या खोलीला एकच खिडकी. तिच्याखाली मी ओढ्यातला एक सपाट दगड आणून ठेवला होता. एकेका मुलानं दगडावर उभं राहायचं, मी वीसपर्यंत अंक मोजेस्तोवर बाहेर बघायचं आणि जागेवर येऊन वहीत लिहायचं. नियम एकच होता. दिसलं तेवढंच लिहायचं.

हे मोठ्या माणसांनाही जमत नाही. मुलं लिहायची, ‘पिराजीमामा पाणी द्यायला चालले.’ मी विचारायचो, पाणी द्यायला चाललेत हे दिसलं का रे? मग खाडाखोड व्हायची आणि खाली नवं वाक्य यायचं, ‘पिराजीमामा खांद्यावर फावडे घेऊन चालले.’ तेवढ्यानं माझा दिवस चांगला जायचा.

खिडकीतून दिसायचं तरी काय? एक बांध, एक मोठी चिंच, चिंचेपलीकडे रूळ आणि लांब रामलिंगच्या डोंगराची निळी रेघ. तेव्हा छोट्या रुळांची गाडी होती. इतकी हळू जायची की पोरं तिच्याबरोबर पळत आणि ड्रायव्हर त्यांना हात करी. चिंच शाळेपासून दोनशे बारा पावलांवर होती. ही पावलं चौथीच्या वर्गानंच मोजली होती, आणि आकड्यावरून भांडणं होऊन दोनदा मोजली होती.

त्या वर्गात दैवशाला होती. तिची वही उघडली की लिहिलेलं असे, ‘हिरवे. त्याच्यावर निळे. मध्ये काळे.’ दर शनिवारी तेच. आधी मला वाटलं, पोरगी कामचुकार आहे. मग एक दिवस ती फळ्याला नाक लावून अक्षरं उतरवताना दिसली आणि माझं मलाच वाईट वाटलं. मार्चमध्ये येडशीला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं तिला घेऊन गेलो. जाड भिंगांचा चष्मा लावून ती बाहेर आली आणि दारातल्या कडुलिंबाकडे बघत उभी राहिली.

“गुरुजी, पानं सुटी सुटी असत्यात व्हय?”

त्याच वर्षी माझी बदली झाली. त्या वर्गाच्या अडतीस वह्या मी पेटीत घालून बरोबर नेल्या. निवृत्त होऊन मी धाराशिवला राहायला आलो तेव्हा पेटीही आली.

गेल्या वर्षी एका सकाळी मथुराबाई माझ्या दारात येऊन बसल्या. त्यांचा अमरदीप त्याच वर्गातला. वाडीतल्या रामहरीचा खून झाला होता, आणि खुनाच्या आरोपाखाली अमरदीप वर्षभर तुरुंगात होता. शेताला जायच्या वाटेवरून दोघांचं जुनं भांडण होतं. चिंचेखाली, दिवस मावळताना, कुणीतरी रामहरीच्या डोक्यात पहार घातली. बघणारी एकच होती, दैवशाला, आणि तिनं अमरदीपचं नाव घेतलं होतं.

“माझं लेकरू तवा जळकोटला पाव्हण्याकडं व्हतं,” मथुराबाई म्हणाल्या. “पर पाव्हण्याचं कोण ऐकतंय? ती पोरगी खोटं बोलत न्हाय, ह्ये समदा गाव जाणतो. त्येचंच भ्या वाटतं.”

अमरदीपच्या वकील चारुशीलाताई. त्यांनी मला सगळे कागद वाचून दाखवले. दैवशाला चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन जुन्या शाळेवरून घरी चालली होती. तिथून तिनं पाहिलं, असा जबाब होता. तिचा चष्मा खुनाच्या आदल्या दिवशी फुटला होता आणि दुकानात दुरुस्तीला होता. दुकानदाराची चिठ्ठीच ताईंनी मिळवली होती.

“चष्म्याशिवाय दोनशे पावलांवरचं दिसणं शक्य नाही,” ताई म्हणाल्या. “पण गुरुजी, तिनं सांगितलेलं सगळं पुढं खरं निघालंय. मालगाडी त्याच वेळी गेली. माणूस डाव्या कुशीवर पडला होता. त्याच्या खिशातला मोबाईल लागत होता, विझत होता, बायको फोन करत होती त्याला. हे तिनं पोलीस जागेवर जायच्या आधी सांगितलं. कोर्ट म्हणेल, हिला दिसलंच होतं.”

आणखी एक गोष्ट त्यांना चमत्कारिक वाटत होती. घाबरून भारा टाकला आणि पळाले, असं दैवशाला म्हणाली होती. भारा सापडला तो वाटेवर नाही. वाट सोडून वीस पावलं आत, शाळेच्या भिंतीला लागून, खिडकीखाली.

तिची नजर लहानपणापासून अधू आहे हे मी कोर्टात सांगावं, अशी त्यांची इच्छा होती. मी हो म्हणालो. त्या काळचं काही लेखी आहे का, असंही त्यांनी विचारलं. मला वह्या आठवल्या.

दैवशालाची वही वरच होती. कागद पिवळा पडला होता, पेन्सिल मात्र ठळक होती. हिरवे, निळे, काळे. पानामागून पान तेच. माझ्या लाल शाईच्या खुणा बघून जरा हसूही आलं. मग २१ फेब्रुवारी १९९८ चं पान आलं. शिबिर अजून व्हायचं होतं.

‘चिंच दिसली. रुळाजवळ लोखंडाचे खांब दिसले. खांबांना तारा होत्या. लांब गाडी गेली. तिला धूर नव्हता. चिंचेखाली दोन माणसे होती. एकाने पहार मारली. दुसरा डाव्या कुशीवर पडला. त्याच्या खिशात उजेड लागला. विझला. परत लागला. मारणाऱ्याचे तोंड दिसले नाही. माझ्याकडे त्याची पाठ होती. तो रुळापलीकडे गेला.’

खाली माझा शेरा होता. ‘खोटे लिहू नये. दिसले तेवढेच लिहावे.’

तो दिवस मला आठवला. मी तिला उभं करून ते पान मोठ्यानं वाचायला लावलं होतं. वर्ग खिदळत होता. अमरदीपनं मात्र आपलं खोडरबर तिच्यापुढं धरलं होतं. तिनं ते घेतलं नाही. एवढंच म्हणाली, “पण दिसलं, गुरुजी.”

ते पान मी पुष्कळ वेळा वाचलं. छोटे रूळ काढून मोठी लाईन झाली त्याला सोळा-सतरा वर्षं झाली असतील. विजेचे खांब आणि तारा तर परवा-परवाच्या.

वही मी चारुशीलाताईंना दाखवली नाही. काय म्हणून दाखवणार? सरकारी साक्षीदाराला भेटायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. तरी मी वाडीला गेलो. मी तिला काही सांगणार नव्हतो. जिची वही तिला परत द्यायची, एवढंच.

जाताना जुन्या शाळेपाशी थांबलो. नवी इमारत गावाजवळ झाल्यापासून या खोल्यांना कुलूप आहे. कुलूप गंजून कडीला चिकटलेलं. खिडकी विटांनी बुजवून वर गिलावा केलेला, त्यावर चुनाही जुना झालेला.

दैवशाला पाया पडली, चहा ठेवला. तिची लेक अक्षदा आता चौथीत आहे. ती कोपऱ्यात नकाशा रंगवत होती. भारताभोवतीचं पाणी निळं आणि गुजरात जांभळा. मी तिला गुजरातच्या पोटातलं आखात दाखवलं, तेवढीच माझी शिकवणी.  मग दैवशालानं पदरानं चष्मा पुसला.

“गुरुजी, जुन्या शाळंत आता पोरं बसत्यात का?”

“नाही. कुलूप आहे. का गं?”

“न्हाय, उगंच. त्या दिवशी आतनं एक पोरगी बोलल्यागत वाटलं. म्हनून वाट सोडून भितीजवळ गेलते.”

मी वही तिच्या हातात दिली.

तिनं पानं उलटली. हसली. मग हसू थांबलं. ते पान तिनं बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं, चौथीत वाचायची तसं. पान उलटून मागची बाजू वाचली. वही मिटली. चहावर साय धरली होती.

“तोंड दिसलं न्हाय, असं लिव्हलंय.”

“होय.”

“जबाब घेताना पोलिसांनी इचारलं, अमरदीपच व्हता न्हवं? वाटंचं भांडण समद्यांना ठाव. म्या व्हय म्हनलं.” तिनं अक्षदाकडं पाहिलं. “आता फिरले तर रामहरीच्या घरचे मला गावात ऱ्हाऊ देतील का, गुरुजी?”

 मी गार झालेला चहा संपवला आणि उठलो.

“वही ऱ्हाऊ द्या माझ्याजवळ,” ती म्हणाली.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात मागच्या दाराबाहेरच्या बाकावर होतो. साक्षीदारानं आपली पाळी येईपर्यंत बाहेर बसायचं असतं. पण दार उघडं होतं आणि दैवशालाचा आवाज पाढे म्हणणाऱ्या मुलासारखा खणखणीत. सरकारी वकिलांनी विचारलं, मारणारा कोण होता?

“तोंड दिसलं न्हाय. पाठ व्हती.”

त्यांनी तिचा जबाब वाचून दाखवला. हे तुम्हीच सांगितलं ना?

“सांगितलं. ते दिसलं नव्हतं. दिसलं तेवढंच सांगायचं असतं.”

आत कुणीतरी खुर्ची सरकवली. तिला फितूर ठरवलं गेलं. सरकारी वकिलांनी बरंच खोदून विचारलं, गावातल्या कुणी दिलेला दम असेल, असंही सुचवलं. ती त्याच उत्तरावर राहिली. मग चारुशीलाताई उठल्या. चष्मा नसताना बाकीचं तरी कसं दिसलं, असं त्यांनी विचारलं.



“दिसलं न्हाय, बाई. कुणीतरी सांगितलं.”

कोण, ते तिनं सांगितलं नाही.

अमरदीप सुटला. मथुराबाईंना घेऊन तो पेढे द्यायला आला. केस पांढरे झालेत त्याचे. जाताना दारात थांबून म्हणाला, “गुरुजी, खिडकीचा तास आता कुणी घेत न्हाय का?” मी म्हणालो, आता वर्गाला चार-चार खिडक्या असतात. तो हसला. शाळेतलंच हसू.

दैवशालानं वाडी सोडली. उमरग्याला भावाजवळ एका दवाखान्यात काम मिळालं, असं ऐकलं. धाराशिववरून जाताना तिनं अक्षदाच्या हाती वही परत पाठवली. खूण म्हणून त्या पानात चाऱ्याची एक वाळलेली काडी होती.

माझ्या शेऱ्याखाली पान संपलं, असं मी धरून चाललो होतो. शेरा मारल्यावर मुलं पुढं काही लिहीत नाहीत.

मी पान उलटलं.

‘गुरुजी म्हणाले खोटे आहे. खोटे नाही. खिडकीबाहेर एक बाई उभी होती. तिच्या डोक्यावर भारा होता. ती डोळे बारीक करून चिंचेकडे बघत होती. तिला दिसत नव्हते. म्हणून मी तिला सगळे सांगितले.

तिने विचारले, तू कोण ग.

मी माझे नाव सांगितले. बापाचे नाव सांगितले.

तिच्या डोक्यावरचा भारा पडला.’