उसना डोळा

स्टुडिओवाल्या काकांची एक जुनी सवय होती. कुणी मोठा फोटो छापून घेतला, की त्याच फोटोची पाकिटात मावेल अशी एक छोटी प्रत ते फुकट द्यायचे. "कागदाची कड वाया जाण्यापेक्षा गिऱ्हाईक खूश होऊन जाऊ दे," असं त्यांचं म्हणणं. काकांचा उदारपणा मात्र तेवढाच होता. गिऱ्हाईक दुकानात आल्याशिवाय ते पंखासुद्धा लावू देत नसत.

थोरली त्यांच्याकडे दुपारी कामाला जायची. सकाळी ग्राफिक डिझाइनचा वर्ग आणि दुपारी स्टुडिओत जुन्या फोटोंची डागडुजी. हे काम तिला मनापासून आवडायचं. पडद्यावर फोटो इतका मोठा करायचा की माणूस दिसेनासा होतो, नुसते रंगीत ठिपके उरतात, आणि मग एकेक ठिपका जागेवर बसवत जायचं. घरी आई होती आणि धाकटी होती. धाकटी दहा वर्षांची, अखंड बडबडी, ताईच्या जिवाचा तुकडा. वर्गात माणसांचे चेहरे उजळायचा सराव दिला होता, त्यासाठी थोरलीने घरच्या खिडकीपाशी बसवून तिचेच ढीगभर फोटो काढले होते.

एका दुपारी दुकानात एक बाई आल्या. अंगात जुना लोकरी कोट, आणि त्याचं प्रत्येक बटण वेगळं. एक निळं, एक लाकडी, एक शिंपल्यासारखं. थोरलीला आधी त्या बटणांचंच हसू आलं. मग बाईंनी पिशवीतून फोटो काढला आणि तिचं हसू मावळलं.

नऊ-दहा वर्षांची मुलगी, खिडकीपाशी बसलेली. कसर लागून फोटोची एक बाजू खाल्ली गेली होती. गाल थोडा उरला होता, पण डावा डोळा नव्हताच. तिथे नुसता पांढरा खळगा.

"ही गेली..." बाई म्हणाल्या. "हा एकच फोटो राहिलाय. बाकी कसा का होईना, पण ती बघायला हवी. माझ्याकडे बघायला हवी."

काकांनी घाईघाईने पंखा लावला आणि काम थोरलीवर सोपवलं.

अशा वेळी करायचं काय, हे वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवतात. उरलेला डोळा उचलायचा, आरशातल्यासारखा उलटा करायचा आणि रिकाम्या जागी बसवायचा. थोरलीने तसं केलं, तर मुलगी चकणी दिसायला लागली. मग तिने डोळा हाताने रंगवून पाहिला. तो बाहुलीचा वाटला. सर नेहमी बजावायचे, "मेहनत घ्या, स्वतः रंगवा. दुसऱ्या माणसाचा अवयव उचलून लावू नका. उसनं आणलेलं ओळखू येतं." पण बाई संध्याकाळी येणार होत्या, आणि धाकटीचा सरावाचा फोटो पडद्यावर शेजारीच उघडा होता. तसाच खिडकीचा उजेड, तशीच मान. थोरलीने धाकटीचा डावा डोळा उचलला आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावर ठेवला.

तो असा बसला की शिवण कुठे आहे ते तिलाही सापडेना. केवढं बरं वाटलं तिला! आपल्याला खरंच जमतंय, या आनंदात तिने फाइल छपाईला पाठवून दिली.

बाई आल्या. फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. "बघतेय," एवढंच म्हणाल्या. काकांनी सवयीप्रमाणे छोटी प्रत पाकिटात घालून दिली.

चार दिवसांनी धाकटी जेवता जेवता म्हणाली, "ताई, मला ना, दुसरं घर दिसतं."

"कुठे? स्वप्नात?"

"नाही गं, आत्ता. या डोळ्याने." तिने उजवा डोळा हाताने झाकला. "हिरवा पडदा आहे. आणि एक खुर्ची. त्यावर बसून एक बाई माझ्याशी बोलते. आवाज येत नाही, पण तोंड हलतं."

आईने कपाळावर हात मारला. अभ्यास टाळायला पोरगी काय काय शोधून काढेल याचा नेम नाही, असं तिचं मत पडलं. तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डोळा ठणठणीत आहे, मोबाइल कमी करा, असं सांगून त्यांनी पाठवून दिलं.

थोरलीने तिला खिडकीपाशी एकटीला गाठलं. "ती बाई कशी आहे?"

"दमलेली. तिच्या कोटाची बटणं किती गमतीदार आहेत, ताई! एकासारखं एक नाही."

थोरलीने तो कोट ओळखला.

"आणि खोली सारखी सारखी दिसते?"

"असतेच ती. पण तिच्या खाली अंधार असतो. म्हणजे... तुझ्या त्या चित्रांसारखं. एकावर एक. वर खोली, खाली अंधार."

लेयर. हा प्रकार थोरलीनेच तिला कौतुकाने शिकवला होता. खाली काय आहे ते तिने पुढे विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, हेच खरं. खोली गेली की सगळं जाईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिने फाइल उघडली. तो डोळा पुसून टाकावा म्हणून तिने माऊस धरला, आणि हात तिथेच थिजला. इथला डोळा पुसला आणि घरी धाकटीचा डोळा... तिने तो लेयर नुसता झाकून ठेवला. मग मोबाइल समोर धरून स्वतःचा फोटो काढला, आपला डावा डोळा उचलला आणि त्या मुलीला लावला. काय व्हायचं ते आपलं होऊ दे, पोरीची सुटका होऊ दे. तिला भीती वाटत होती आणि रडूही येत होतं, पण बोटं नीट चालत होती. छापताना तिने काकांना बजावलं, "छोटी प्रत काढू नका." काका मनात हिशेब करून खूश झाले.

पत्ता पावतीवर होता. दार उघडलं, आणि थोरलीला हिरवा पडदा दिसला. भिंतीवर फोटो, फोटोसमोर खुर्ची.

"बाई, त्या फोटोत माझी चूक राहिली होती. हा नवा आणलाय. जुना परत द्याल?"

बाईंनी नवा फोटो उजेडात धरला. "ही पण बघते," त्या सावकाश म्हणाल्या. "पण ही घाबरलेली आहे. ती आधीची हसायची..." अखेर त्यांनी चौकटीतला फोटो बदलला, आणि त्याच क्षणी थोरलीच्या डाव्या डोळ्यापुढे बाईंचा चेहरा दोनदा उभा राहिला. एकदा समोरून, एकदा भिंतीवरून.

जमलं! तिला भोवळ आल्यासारखं झालं, पण जमलं. जुना फोटो तिने छातीशी धरला.

"या वेळी छोटा नाही दिला?" बाईंनी विचारलं.

थोरली दारातच थांबली. "पहिला छोटा... कुठंय?"

"तिच्याजवळ."

"कुणाजवळ?"

"तिच्याजवळ," बाई समजावून सांगितल्यासारखं म्हणाल्या. "माती जरा उकरली. हाताने. एवढासाच तर आहे. तिलाही एकदा बघू दे ना, आपण कशा दिसायचो ते. चेहरा तिच्याकडे करून ठेवलाय."

घरापर्यंत थोरली कशी आली, ते तिला सांगता आलं नसतं. जिना चढतानाही डाव्या डोळ्यात ती खुर्ची होती, आणि खुर्चीतल्या बाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. त्याचं तिला आता काही वाटत नव्हतं.

दुपारचं ऊन खोलीभर पसरलं होतं. आई कपडे वाळत घालत होती. थोरलीने जुना फोटो टेबलावर उभा केला, खिडकीकडे तोंड करून.

धाकटी खुदकन हसली. "ताई, ती बाई गेली! आता आपलीच खिडकी दोनदा दिसते."

"आणि... खालचा अंधार?"

धाकटीने उजवा डोळा झाकला. तिचं हसू हळूहळू ओसरलं.

"आहे ना. तो तसाच आहे." मग ती म्हणाली, "फक्त आता तिथे कुणीतरी आहे. अगदी जवळ. दिसत नाही. पण ती माझ्या डोळ्याला हात लावून बघते, ताई... मग स्वतःच्या चेहऱ्याला लावते... मग परत माझ्या."

"डोळा मीट. मीट बघू आधी!"

"मिटलाय गं. केव्हाचा."

थोरलीने तिला घट्ट जवळ ओढलं. धाकटीचा डावा डोळा खरंच मिटलेला होता आणि त्यातून पाणी गळत होतं. थोरलीने ओढणीच्या टोकाने तो हलकेच टिपला.

"दुखतंय का?"

"नाही. खुपतंय थोडं."

थोरलीने ओढणी उन्हात धरली. टोकाला ओली काळी माती लागली होती.