बाजूच्या सीटचा पट्टा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल त्यानं इथंच थांबावं, मी कुणाला हात जोडायला बसलेलो नाही.

आणि रात्र नव्हती. अमावस्या नव्हती, वडाचं झाड नव्हतं. रविवारची सकाळ होती. डिसेंबर महिना, निपाणीजवळचा तवंदी घाट, आणि घाटात हात पुढं केला तर दिसू नये असं धुकं.

भरमू आप्पा एकटेच गाडी घेऊन घाट चढत होते.

आप्पा निपाणीच्या कडेला राहतात. बायको, नागुबाई, आदल्या पावसाळ्यात गेली. पोरगा साईराज जर्मनीत. जाताना दारात नवी पांढरी गाडी उभी करून गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोष गाडीचा नाही. आमच्याकडं आता गल्लोगल्ली हेच. स्विफ्ट, वॅगनार, क्रेटा. पोरं परदेशात, गाड्या कव्हरखाली, आणि राखणीला म्हातारा.

फोन आला की पहिला प्रश्न गाडीचा.

"आप्पा, गाडी काढताय न्हवं? नुसती उभी ऱ्हायली की बॅटरी उतरती. दर रविवारी घाट चढवून आणा."

"आणतो की."

"चाकातली हवा? कूलंट?"

"गाडीचं सगळं बघितलंय रं. आता माझी बी हवा बघायला ये की एकदा."

पोरगा खो खो हसला. त्याला तो विनोद वाटला.

त्या रविवारीही आप्पांनी बॉनेट उचललं. ऑइलची पट्टी पुसून पाहिली, कूलंट पाहिलं, काच पुसली. स्वतःचा पट्टा लावला आणि निघाले.

पहिलं वळण गेलं.

टिंग...

टिंग... टिंग...

समोर लाल खूण पेटली. नव्या गाड्यांत बाजूला कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की गाडी असं ओरडते. सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो.

बाजूला कुणी नव्हतं.

पिशवी नाही. पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

आप्पांनी गाडी कडेला घेतली. सीटवर हात फिरवला. गार. पुन्हा निघाले... पुन्हा टिंग, टिंग.

शेवटी वैतागून त्यांनी त्या रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन अडकवला.

आवाज थांबला.

मग लक्षात आलं... गाडीत एकटं असल्यासारखं वाटत नव्हतं.

नागुबाई कधी पट्टा लावायची नाही. "मला काय म्हशीगत बांधता व्हय?" म्हणायची.

आप्पांनी हळूच विचारलं, "नागू?"

आणि आप्पा बोलायला लागले. गाय व्याली ते सांगितलं. साईराज यंदाही येत नाही ते सांगितलं. भाकरी करपते, दूध उतू जातं, रात्री टीव्ही मुद्दाम चालू ठेवून झोपतो, हेही सांगितलं. हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. विचारलंच कुणी नव्हतं.

घरी आले तेव्हा डोळे ओले होते आणि माणूस हसत होता.

मग दर रविवारी तेच. तेच वळण, तीच टिंग टिंग, आप्पा पट्टा लावणार आणि बोलत सुटणार. आठवडाभर साठवून ठेवायचे. शेजारची भांडणंसुद्धा लक्षात ठेवायचे, नागूला आवडतात म्हणून.

मधे गाडी सर्व्हिसिंगला गेली. ऑइल बदललं, फिल्टर साफ झाला. गॅरेजवाला रवळू म्हणाला, "आप्पा, त्या सीटचा सेन्सर खुळ्यागत वाजत हुता. खालची पिन काढून ठेवलीया. आता हत्ती बसला तरी वाजत न्हाय."

"तुला कुणी सांगितलं रं काढायला?"

"अवो, कटकट गेली तुमची!"

"मी म्हटलो हुतो कटकट हाय म्हणून?"

पिन पुन्हा लाव, असं आप्पांना म्हणता येईना. काय कारण सांगणार? म्हातारा खुळा झाला म्हणून पोराला फोन गेला असता.

आप्पांच्या लेखी ती पिन निघाली म्हणजे नागू गेली. दुसऱ्यांदा.

पुढच्या रविवारी वळण आलं.

काही नाही.

वळण मागं पडलं. नुसता इंजिनचा आवाज. आप्पांनी गाडी अगदी हळू केली.

आणि...

टिंग...

पिन काढलेली होती. तरी वाजलं.

आप्पा आनंदानं ओरडले, "आलीस व्हय गं!" गाडी थांबवून त्यांनी पट्टा लावला, निघाले, तोंड उघडलं...

खट्ट.

सीटखालची दांडी उचलल्याचा आवाज.

सीट मागं सरकली. आपली आपण. एक खाच... दुसरी खाच... पार शेवटापर्यंत. लांब पायांच्या माणसाला लागते तितकी.

नागुबाई बुटकी होती. पुढचं दिसत नाही म्हणून सीट पुढं ओढून घ्यायची.

आप्पांनी मान वळवली.

पट्टा सीटला टेकलेला नव्हता. चांगला वीतभर पुढं, हवेत ताणलेला होता. रुंद छातीवर बसावा तसा.

आणि तो हलत होता... सावकाश. पुढं... मागं... पुढं... मागं...

श्वास.

ही नागू नव्हती. कधीच नव्हती.

आप्पांनी ब्रेक मारला. दार उघडून अर्धे बाहेर आले. एक पाय रस्त्यावर, एक गाडीत. धुक्यात पुढं काही दिसेना, मागं काही दिसेना. घरी चालत जाता आलं असतं. पण घरात कोण होतं?

पट्टा तसाच हलत होता. घाई नाही. वाट बघत असल्यासारखा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आप्पांनी बाहेरचा पाय आत घेतला. दार लावून घेतलं.

"तर काय सांगत हुतो..." ते म्हणाले.

हे सगळं आप्पांनी फक्त आपल्या मेव्हणीला, बाळाबाईला सांगितलं, आणि तिनं मला. ती रडली, हातापाया पडली. "दाजी, त्या गाडीला आग लावा. कोण बसतंय त्यात?"

"ठाव न्हाय."

"मग जातासा कशाला?"

आप्पा म्हणाले, "ते ऐकून घेतंय."

आता ते रविवारची वाट बघत नाहीत. रोज जातात. आधी घाट चढून वळायचे, मग घाटापलीकडच्या संकेश्वरपर्यंत जायला लागले, परवा अंधार पडल्यावर परतले. साईराज खूश आहे. बॅटरी एकदम टकाटक, म्हणतो.

हल्ली हायवेला गाडीत एकटीच बसून बोलत जाणारी माणसं खूप दिसतात. फोनवर बोलत असतील.

असतील.

मी त्यांच्या बाजूच्या सीटकडं बघत नाही.