पाच वाजताचा भोंगा

खरं वाटो न वाटो, हे घडलंय. तेही भर उजेडात. अख्ख्या गावाने ऐकलंय.

गाव नाबेकुरा, जपानमधल्या क्यूशू बेटाच्या डोंगरातलं. गेल्या जुलैची अखेर. संध्याकाळचे पाच.

माझी मामेबहीण चिसातो हिरोसे तिथल्या नगरकचेरीत तक्रारींच्या काउंटरवर बसते. मोरिवाकी आजी दर पावसाळ्यात तिच्याकडे यायच्या. त्यांच्या घरामागच्या टेकडीवर एका कंपनीने मातीचा भराव टाकला होता. त्याला भेगा पडत होत्या.

"लिहिलंस का गं?"

"लिहिलं, आजी."

चिसातो तक्रार नोंदवून वर पाठवायची. वरून उत्तर यायचं नाही.

जुलैच्या सुरुवातीला भराव खाली आला. चार घरं गाडली गेली. आजीही गेल्या.

चौकशी समिती येणार असं कळलं, तेव्हा चिसातोने तक्रारींचं कपाट उघडलं...

रिकामं.

कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्या. आत कागदांचा भुगा.

ती तडक विभागप्रमुख उसुदांसमोर उभी राहिली.

"साहेब, आजींच्या तक्रारी कुठायत?"

"मुदत संपली, काढून टाकल्या."

"यंदाच्यासुद्धा? माणसं मेलीत, साहेब!"

"हळू बोला, हिरोसेबाई. म्हातारीची बडबड म्हणजे काय सरकारी दप्तर? टिपणं होती ती."

चिसातोने कचेरीत कधी आवाज चढवला नव्हता.

"तुम्ही त्यांना दुसऱ्यांदा गाडलंत!"

सगळ्यांनी माना वर केल्या.

तेवढ्यात पाच वाजले.

रोज पाचला कचेरीतून गावभरच्या भोंग्यांवर एक धून वाजते. मुलं घरी वळतात, दुकानं आवरायला लागतात.

त्या दिवशी धून वाजली नाही.

बाहेर झाडांवर किरकिरणारे किडेही गप्प झाले...

मग खरखर. मग कुणाचा तरी श्वास.

"मोरिवाकी बोलतेय. भरावाला पुन्हा भेग गेलीय. मोठी आहे."

उसुदा धावत प्रक्षेपणाच्या खोलीकडे गेले. मागे चिसातो. दाराला कुलूप. उघडलं, तर आत कुणी नाही. माईक बंद. उसुदांनी भिंतीतली वायर उपटली.

आवाज चालूच.

आणि मग... पुरुषाचा आवाज.

"आजी, घरी जा. गरम चहा प्या. डोंगर काही पळून जात नाही."

आवाज उसुदांचा होता. उसुदा तिच्यासमोर उभे होते. ओठ मिटलेले.

"हे मी म्हातारीच्या दारात बोललो होतो," ते कसेबसे म्हणाले. "तिथे आम्ही दोघंच होतो."

थोड्याच वेळात कचेरीपुढे माणसं जमली. कुणी चिखलाच्या बुटांनी, कुणी एप्रनसकट.

"उसुदा, बाहेर ये! चहा पाजतो तुला!"

टोफूवाले त्सुनेओकाका मोबाईल नाचवत पुढे आले. "सगळं रेकॉर्ड केलंय!"

त्यांनी बटण दाबलं.

नुसती धून. रोजची.

दुसऱ्याच्या मोबाईलवर तेच. तिसऱ्याच्याही.

उसुदांच्या चेहऱ्यावर रंग परतला. "पाहिलंत? झालंच नाही काही. घरी जा."

चिसातोने काउंटरवर कोऱ्या कागदांचा गठ्ठा आपटला.

"कुणीही जायचं नाही. रांगेत या. जे ऐकलं ते सांगा, मी लिहिते."

प्रत्येक जबानीवर सही, वर आवक शिक्का. एक प्रत सांगणाऱ्याच्या हातात, एक थेट समितीकडे.

"आता फाडा, साहेब," ती म्हणाली. "घरोघरी जाऊन फाडा."

उसुदांची खुर्ची गेली. त्या आवाजाबद्दल मात्र समितीने अहवालात एक ओळही लिहिली नाही.

सगळ्यांच्या जबान्या जुळत होत्या. फक्त त्सुनेओकाकांनी एक वाक्य जास्त सांगितलं होतं.

"शेवटी आजी म्हणाली ना, 'आता बालवाडीच्या मागे बघ.'"

हे दुसऱ्या कुणीच ऐकलं नव्हतं. चिसातोनेही नाही.

जबान्या ताडून पाहिल्या, त्याच्या दुसऱ्या सकाळी ती बालवाडीमागे गेली. गवत बाजूला सारलं...

जमिनीला तडा होता. तिची बोटं सहज आत गेली.

उसुदांच्या जागी आलेले नवे साहेब हसले. "भुताची तक्रार नोंदवायची का आता?"

"माझी नोंदवा," चिसातो म्हणाली आणि त्यांच्यादेखत शिक्का मारला.

पावसाळ्यानंतर पाहू, असं उत्तर आलं. मग बजेटनंतर पाहू.

यंदाचा पावसाळा सुरू झालाय. पाऊस लागला की चिसातो मला फोन करते. काही झालेलं नाही, म्हणते. तडा रुंदावलाय का विचारलं, की फोन ठेवते.

मुलं अजून तिथेच खेळतायत.