कक्ष ३१९ ची तक्रार

महापालिकेच्या माहिती तंत्रज्ञान व दूरसंचार विभागात त्या आठवड्यात तिच्या नावावर तीनच तक्रारी उरल्या होत्या. तीन म्हणजे काहीच नाही. एरवी साठ-सत्तर असत. कोणाचा प्रिंटर कागद गिळतोय, कोणी पासवर्ड विसरलंय, कोणाच्या फोनवर नुसतीच खरखर. अकरा वर्षं तिने या इमारतीतले फोन जोडले होते आणि सगळे तिला टेलिफोनवालीच म्हणत.

या तीन तक्रारी मात्र तिच्या जिवावर उठल्या होत्या. आठ महिने उंबरे झिजवल्यावर बदलीचा आदेश निघाला होता. नवरा नोकरीसाठी तीन तासांवरच्या गावी गेला, मुलीची पहिली सुरू होत होती म्हणून तिलाही घेऊन गेला, आणि ही इथे एका भाड्याच्या खोलीत राहून रोज संध्याकाळी फोनवर एकच प्रश्न ऐकत होती. "आई, उद्या येणार?" कार्यमुक्त व्हायचं तर नावावर एकही तक्रार शिल्लक नको, असा विभागाचा नियम. शुक्रवारी कार्यालय सुटेपर्यंत ते जमलं नाही तर आदेश रद्द, आणि पुढची पाळी वर्षाने. असले नियम करणाऱ्याला पोरंबाळं नसावीत, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

दोन तक्रारी मंगळवारी दुपारपर्यंत मिटल्या. तिसरी कक्ष ३१९ ची होती. "फोन लागतो, पण कोणी दाद देत नाही." एवढंच.

कक्ष ३१९ तिसऱ्या मजल्याच्या टोकाला. तिथलं अभिलेख कार्यालय दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या इमारतीत हललं होतं. शिपायाकडून किल्ली घेऊन तिने दार उघडलं तेव्हा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. जिथे कपाटं होती तिथे फरशीवर फिकट चौकोन उरले होते. टेबल नाही, खुर्ची नाही. खिडकीच्या कट्ट्यावर एक जुना करडा फोन तेवढा होता. तिने उचलून कानाला लावला. टोन स्वच्छ होता. तिने ठेवला, नोंदवहीत "फोन सुरू आहे" असं लिहिलं आणि खाली आली.

चार वाजता तक्रारीखाली नवी नोंद आली. "मॅडम आल्या. फोन उचलला, ठेवला, गेल्या. काम झालेलं नाही."

तक्रारी मदतकक्षात फोनवर येत आणि तिथली मुलगी त्या संगणकात टाइप करी. ती तडक मदतकक्षात गेली.

"कोण गं हा दीडशहाणा? ३१९ मध्ये चिटपाखरू नाहीये."

"दीडशहाणी म्हणा," मुलगी म्हणाली. "बाईचा आवाज आहे. स्क्रीनवर ३१९ च येतो."

"नाव विचारलंस?"

"सांगत नाही. आवाज ओळखीचा वाटतो ताई, पण कोणाचा ते काही आठवत नाही बघा."

कोणीतरी मजा करतंय, दुसरं काय. बदली पदरात पडलेल्या माणसावर जळणारे या इमारतीत कमी नव्हते. बुधवारी सकाळी ती पुन्हा वर गेली. कुलूप होतं तसंच होतं. फरशीवरच्या धुळीत कालची तिचीच पावलं उमटलेली होती, आतल्या दिशेने आणि परत. तिने फोन उचलला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. रिसीव्हर कोमट होता, आत्ताच कोणीतरी बराच वेळ बोलून ठेवल्यासारखा.

खिडकीतून ऊन येत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. खिडकी उत्तरेला होती, हे तिला जिना उतरताना आठवलं आणि तिने ते विसरायचं ठरवलं.

तिच्याकडे यावर साधा उपाय होता. तळघरात जाऊन तिने ३१९ ची तारच काढली. नुसती काढली नाही, गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकली. फोनच नाही तर तक्रार कसली? जेवणाच्या सुट्टीत कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

दोन वाजता पुन्हा नोंद आली. "मॅडमनी खालून तार काढली. असं करून सुटता येत नाही."

"कुठून आला फोन?" तिने विचारलं. तिचा आवाज चिरका झाला होता.

"३१९," मुलगी म्हणाली. "माझ्यावर कशाला ओरडता, ताई? दिसलं ते सांगितलं."

अकरा वर्षांत तिने कितीतरी चमत्कारिक बिघाड पाहिले होते. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, भिंतीत पाणी मुरून एकमेकींत मिसळलेल्या लाइनी, रविवारी आपोआप वाजणारे फोन. प्रत्येकाचं कारण शेवटी हाताला लागलं होतं. तिने गुरुवारचा सगळा दिवस तळघरात घालवला. एकेक जोडणी तपासली, गुडघे सोलले, केसांत जाळी अडकली. ३१९ च्या खाचेत तार नव्हती आणि दुसरी कुठलीही तार तिसऱ्या मजल्याच्या त्या टोकाला जात नव्हती. संध्याकाळी मुलीने विचारलं, "आई, उद्या?" आणि ती उगाचच पोरीवर खेकसली. मग फोन ठेवून रडली.

शुक्रवारी सकाळी तिने तक्रारीखाली चिडून लिहिलं, "आपल्याला नेमकं काय हवं आहे?" उत्तर अकरा वाजता आलं. "तुम्ही जाताय असं कळलं. आधी माझं काम करा."

ती साहेबांकडे गेली. साहेब चांगले होते, म्हणजे कोणाच्या अध्यात नव्हते आणि मध्यात नव्हते.

"नियमाने तक्रारदाराने हो म्हटल्याशिवाय बंद होत नाही," ते म्हणाले. "मदतकक्ष फोन लावणार, समोरचा हो म्हणणार, त्याचं रेकॉर्डिंग होणार. माझ्या हातात काय आहे?"

"साहेब, समोर कोणी नाहीच आहे."

"मग कोणीतरी असू द्या," साहेब म्हणाले आणि कागदांत डोकं घातलं.

अर्थ स्पष्ट होता. विभागात सगळेच ते करत. तक्रारदार रजेवर असला, मेला असला, नुसता आळशी असला, की तंत्रज्ञ त्याच्या जागेवर जाऊन बसायचा आणि फोन वाजला की हो म्हणायचा. तिने अकरा वर्षांत एकदाही केलं नव्हतं, आणि त्याचा तिला थोडा गर्वही होता. दुपारी तीनला तिने ड्रॉवरमधली तार काढली, तळघरात परत जोडली आणि ती वर गेली.

खिडकीच्या कट्ट्याला टेकून ती उभी राहिली. खाली रस्त्यावरची वाहनं दिसत होती, पण त्यांचा आवाज इथवर येत नव्हता. साडेतीनला फोन वाजला.

"कक्ष ३१९ का?" मदतकक्षातल्या मुलीने ठरलेल्या आवाजात विचारलं.

"हो."

"आपली तक्रार दूर झाली का?"

"झाली."

"तक्रारदार आपणच ना?"

"मीच."

"नाव?" मुलगी जरा थांबली आणि हळूच म्हणाली, "तुमचंच टाकते, ताई. दुसरं कुठलं टाकू?"

"टाक बाई. काय वाट्टेल ते टाक."

"बंद करू मग?"

"कर."

"अहो ताई, दोघी एकदम बोलू नका ना. रेकॉर्डिंग चालू आहे."

"कोण दोघी?"

फोन बंद झाला होता. जुन्या तारा, आवाज घुमतो, असं ती पुटपुटली. रिसीव्हर ठेवताना तिचा हात ओला झाला. तिने तो पदराला पुसला आणि दाराला कुलूप न लावताच खाली धावली.

आस्थापना शाखेतल्या लिपिकाने मान वर न करता सांगितलं, "तुमचा आदेश तुम्ही नेलात की."

"मी आत्ता येतेय."

त्याने नोंदवही तिच्याकडे फिरवली. वेळ तीन पस्तीस. सही तिचीच होती, शेवटच्या अक्षराला ओढलेल्या रेघेसकट.

"मी तेव्हा वर होते," ती म्हणाली.

"असाल. पण इथेही होतात. हसलातही. म्हटलं, चला, बाईंना हसता येतं." मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. "हरवला असेल तर तसं सांगा. दुय्यम प्रत देतो. अर्ज करा."

तिने अर्ज केला. आठ महिने हाडाची काडं केली आणि शेवटी हातात काय, तर दुय्यम प्रत. शिक्का मिळायला साडेसहा वाजले आणि शेवटची बस गेली. नवऱ्याचा फोन सतत व्यस्त लागत होता. तिने सामान भरलं, खोली झाडली आणि सकाळची पहिली बस पकडली.

आठ वाजता ती नवऱ्याच्या घराचा जिना चढत होती. बॅग जड होती आणि तीन मजले होते, पण तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. शनिवारची शाळा साडेआठची. पोरीची वेणी आज ती घालणार होती.

नवऱ्याने दार उघडलं. तोंडाला दाढीचा साबण, खांद्यावर टॉवेल. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"काही विसरलीस का?" त्याने विचारलं.

तिने त्याच्या खांद्यावरून बघितलं. आत टेबलावर दुधाचे दोन पेले होते, आणि कंगव्यात पोरीचे केस गुंतलेले होते.

"आणि ही बॅग कुठून आणलीस? काल संध्याकाळी तर हात हलवत आलीस."

नवरा बाजूला वाकला आणि तिच्या मागे रिकाम्या जिन्याकडे बघू लागला.

"आत्ता हात धरून उतरलात ना दोघी," तो म्हणाला. "पोर कुठे ठेवलीस?"