डबल बेल

पूर्वाला खरं तर फक्त चहा टाकायला उठायचं होतं. तेवढ्यापुरता तिनं गेमचा कंट्रोलर वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, जरा धरा. काही दाबू नका." दाबू नका म्हटलं की माणूस काय करतो ते वेगळं सांगायला नको.

बिबवेवाडीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दुपारची वेळ. पूर्वाचं ऑफिस खराडीला, पण आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. उरलेल्या वेळात ती आणि तिचा मित्र सौरभ मिळून मराठीत गेमची परीक्षणं करत. गेम खेळायचा, ग्राफिक्स कसे, खेळायला मजा येते का, पैसे वसूल होतात का, ते व्हिडिओ करून सांगायचं. बघणारे बऱ्यापैकी होते आणि भांडणारे त्याहून जास्त. या वेळचा गेम फार गाजत होता. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. यात कंपनीचा काही दोष नाही.

समुद्राकाठचं एक अख्खं शहर होतं त्यात. कुठंही जा, काहीही करा, कुणी अडवत नाही. पावसानंतर ओल्या रस्त्यावर दुकानांचे दिवे असे पसरायचे की पूर्वा खेळायचं विसरून बघत बसायची. बाजारातली माणसं एकमेकांशी बोलायची, कुत्री सावली बघून बसायची, गाड्यांच्या आरशात खरंच मागचा रस्ता दिसायचा. सौरभनं तर "ग्राफिक्सला दहापैकी दहा, मला आता खऱ्या पुण्यात राहायचंच नाही" असं जाहीरही करून टाकलं होतं.

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा बाबा, म्हणजे भीमराव, सिग्नलला थांबले होते.

"बाबा, गेममध्ये सिग्नल पाळावा लागत नाही."

"लाल आहे ना?"

"आहे."

"मग?"

मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. "इथली माणसंही आपल्यासारखीच उतावीळ दिसतायत," भीमराव म्हणाले आणि हसले. पूर्वाचा कप हातातच राहिला. दोन वर्षांत बाबा पहिल्यांदा हसले होते.

भीमराव शहर बसचे ड्रायव्हर होते, तीस वर्षं. पूर्वाची आई हिरा त्यांच्याच गाडीवर कंडक्टर. एकाच स्टीलच्या डब्यातून दोघांनी शेवटच्या स्टॉपवर, लिंबाखालच्या बाकावर बसून दुपारचं जेवण केलं, तेही वर्षानुवर्षं. मग दोन वर्षांपूर्वी हिरा गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे रडले, भीमराव आलेल्यांच्या चपला नीट लावत राहिले. आता त्यांच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद होत्या. बायपास लवकर करा, थांबण्यात धोका आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. भीमराव ऐकत नव्हते. "छाती उघडून त्यात काय बघायचंय?" एवढंच बोलून ते विषय मिटवत. पूर्वा चिडली, रडली, अबोला धरून पाहिला. काही उपयोग झाला नाही. आई गेली ती गेली, आता बाबाही डोळ्यांदेखत चाललेत, आणि आपण नुसतं बघतोय, हे तिला आत कुरतडत होतं.

म्हणून तो हसलेला चेहरा पाहून तिनं परीक्षण बाजूला ठेवलं आणि त्यांना गेममधली बस मिळवून दिली. रस्त्यावरची पळवायला भीमराव तयार नव्हते. "त्या ड्रायव्हरवर चौकशी बसेल," म्हणाले. मग पूर्वानं शर्यती जिंकून गेममधल्या पैशांनी एक बस रीतसर विकत घेतली.

तेव्हापासून दररोज जेवणं झाली की भीमरावांची ड्यूटी सुरू. स्टॉप आला की थांबायचं, जरा वेळ द्यायचा, निघायचं. स्टॉपवर माणसं उभी असत, पण ती नुसती शोभेची.

"ती चढत नाहीत, बाबा. गेममध्ये तशी सोयच नाहीये."

"चढतील. नवीन रूट आहे, लोकांना सवय नाही."

पूर्वा हसून स्वयंपाकघरात गेली. उरलेलं वरण झाकून ठेवलं. आणि तिला आवाज आला.

टण्.

थोड्या वेळानं, टण् टण्.

हा आवाज ती पाळण्यात असल्यापासून ओळखत होती. बसच्या छताला बांधलेली दोरी, दोरीच्या टोकाला ड्रायव्हरच्या डोक्यापाशी घंटा. एक बेल म्हणजे थांबा. डबल बेल म्हणजे चला. ती बाहेर आली. पडद्यावर बस स्टॉप सोडून निघाली होती, भीमराव शांत होते.

"बाबा, बेल वाजली?"

"मग? बेलशिवाय गाडी हलवतो का मी?"

तिनं सौरभला फोन केला. सौरभनं अख्खा गेम पालथा घातला होता. तो म्हणाला, "बेल? अगं, बाहेरच्या देशातली बस आहे ती, तिला दोरीची बेल कुठून असणार? आणि पॅसेंजर चढूच शकत नाहीत, मी ट्राय केलंय. बग असेल. रेकॉर्ड कर ना, भारी कंटेंट आहे!"

दुसऱ्या दिवशी तिनं रेकॉर्डिंग लावलं आणि बाबांच्या शेजारी बसली. उन्हानं पडदे पिवळे झाले होते. सोसायटी झोपली होती. या वेळी पुण्यात कुणी कुणाच्या दारात जात नाही, भूतसुद्धा येणार नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. मग वास आला... चामड्याच्या पिशवीचा आणि घामेजल्या हातात धरलेल्या नाण्यांचा. आई कामावरून आली की तिच्या कुशीत हाच वास असायचा.

टण्. भीमरावांनी बस थांबवली. टण् टण्. बस निघाली.

"बाबा... कोण आहे गाडीत?"

"कोण म्हणजे? हिरा."

"बाबा, आपण भूतबीत मानत नाही."

"भूत कोण म्हणतंय? हिरा आहे म्हटलं ना."

पूर्वाच्या अंगावर काटा आला. तिनं हळूच विचारलं, "काय... बोलते ती?"

"गाडी चालू असताना कंडक्टर ड्रायव्हरशी बोलत नाही. बेल मारते."

भीमरावांची बस दररोज थोडी पुढे जाऊ लागली. शहर मागे पडलं, शेतं लागली, मग ओसाड माळ. तो रस्ता गेमच्या नकाशात नव्हता. तिथे निळा समुद्र दाखवला होता. इकडे भीमरावांचं जेवण अर्ध्यावर आलं. चार पावलं चालले की धाप लागे. ओठांना निळसर झाक दिसू लागली. तरी चेहऱ्यावर समाधान होतं, आणि पूर्वाला भीती वाटत होती ती त्या समाधानाचीच.

"कुठवर जायचंय, बाबा?"

"शेवटच्या स्टॉपपर्यंत. तिथं उतरून जरा बसू दोघं. पूर्वी बसायचो तसं."

बाबा तिथे उतरले तर परत यायचे नाहीत. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला ते पक्कं कळलं. तिनं उठून भिंतीतला टीव्हीचा प्लग उपटला. टीव्ही काळा झाला.

भीमराव त्या काळ्या काचेकडे बघत राहिले. पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर लावली.

टण्.

प्लग पूर्वाच्या हातात होता.

टण्... टण्... टण्... एकेक, सुटी, थांबून थांबून. ड्रायव्हर ऐकत नसला की कंडक्टर मारतो तशी. भीमराव उठू लागले, त्यांना श्वास पुरत नव्हता. "अगं, गाडी माळावर मधेच उभी आहे! ती आत अडकलीय. लाव... लाव लवकर!"

पूर्वानं प्लग परत लावला. आणखी काय करणार होती बिचारी?

बस सुरू झाली. दोन्ही बाजूंना आता पाणी होतं आणि मधून अरुंद, सरळ रस्ता. इतकं सुंदर पाणी तिनं कुठल्याच गेममध्ये पाहिलं नव्हतं. लाटेवर ऊन मोडत होतं, तळातली वाळूसुद्धा दिसत होती. आणि तिला त्या सौंदर्याची किळस आली. तिनं नजर वर नेली. आतल्या आरशात सगळी बाकं रिकामी होती. मागच्या दाराशी मात्र दोरीवर एक हात होता. खाकी बाही आणि मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला फिरवलेली. तिकिटं फाडताना वेळ दिसावी म्हणून आई घड्याळ तसं घालायची. कुठल्या परदेशी कारागिरानं हे काढलं असतं?

टण्.

बस थांबली. समोर पत्र्याची शेड होती, झाड होतं, बाक होता. पुढे रस्ता नव्हता. दार उघडल्याचा आवाज झाला, आणि आरशातला हात दोरीवरून निघून गेला.

भीमरावांचा डावा हात छातीवर गेला होता. कपाळ घामानं डबडबलं होतं. उजवा अंगठा गाडीतून उतरायच्या बटणावर होता.

"बाबा, उतरू नका..."

"पाचच मिनिटं, पोरी. फार दमलोय गं..."

तिला त्यांचा हात ओढावासा वाटला, पण धीर झाला नाही. डॉक्टर, औषधं, मला कोण आहे, हे सगळं तिचं बोलून झालेलं होतं आणि वाया गेलेलं होतं. ओठांवर आलं ते वेगळंच.

"आणि गाडी? डेपोला कोण लावणार?"

अंगठा थबकला.

"ताप असला तरी गाडी डेपोला लावूनच घरी यायचात ना तुम्ही? आता अशी रस्त्यात टाकून जाणार? आईनं जाऊ दिलं असतं?"

भीमरावांचा अंगठा बटणावरच होता. डोळे त्या बाकावर होते. खोलीत वास इतका दाटला होता की पूर्वाला गुदमरल्यासारखं झालं. ती मनात एकच म्हणत होती, आई, सोड गं त्यांना... सोड...

टण्.

आवाज टीव्हीतून आला नाही. तो सोफ्याच्या मागून, त्या दोघांच्या डोक्यामागून आला. पूर्वानं डोळे गच्च मिटले. मान वळवायची तिची छाती झाली नाही. एकच बेल... एकच का? एक म्हणजे थांबा. थांबा म्हणजे...

टण्.

भीमरावांनी लांब श्वास सोडला. "सुटली," ते म्हणाले. गाडी रिव्हर्सला टाकली, सावकाश, आरशात बघत वळवली, आणि सगळा रस्ता मागे कापत शहरात आणली. एकही सिग्नल मोडला नाही. डेपोत रांगेला लावली, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "त्या डॉक्टरला फोन लाव. आणि भूक लागलीय." पूर्वा तिथेच खाली बसून हमसाहमशी रडली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्या दुपारीही चालू असलेलं रेकॉर्डिंग तिनं सौरभला पाठवलं. त्यात रस्ता नव्हता, शेड नव्हती. रिकामी बस वाळूत, लाटांच्या अगदी काठाशी उभी होती. बराच वेळ उभी राहून ती वळली. "तुझे बाबा बुडवणार होते बस," सौरभ म्हणाला. परीक्षणात पूर्वानं ग्राफिक्सला भरभरून गुण दिले, खेळण्यालाही दिले. आवाजाबद्दल ती काहीच बोलली नाही, त्यावरून व्हिडिओखाली लोक भांडले.

ऑपरेशन झालं. भूल उतरायला हवी त्यापेक्षा जास्त वेळ लागत होता आणि पूर्वा काचेबाहेर नखं खात उभी होती. शेवटी पायल सिस्टर बाहेर आल्या. "आले बाबा शुद्धीवर. छान आहेत. डोळे उघडून पहिलं काय विचारलं माहितीये? 'सुटली का?' काय सुटली हो?"

पूर्वा हसत रडत होती. सिस्टर दाराशी थबकल्या. "एक विचारू? आत तुम्ही सायकलची घंटी वगैरे तर ठेवली नाहीत ना? आमच्याकडे सगळे बझर आहेत. ते डोळे उघडायच्या आधी टण टण असं दोनदा वाजलं. आम्ही तिघींनी ऐकलं."

"नाही," पूर्वा म्हणाली.

आता भीमराव बागेपर्यंत चालून येतात, पथ्यावरून कुरकुरतात, शेजाऱ्यांना टोमणे मारतात. गेम पूर्वानं सौरभला देऊन टाकला. घरात हसणं आहे, दोन्ही वेळचं जेवण आहे. तिला आणखी काही नको आहे.

परवाचीच गोष्ट. भीमराव जेवून आतल्या खोलीत पडले होते. पूर्वा ओट्यापाशी ताटं पुसत होती, आणि तिच्या मागे वाजलं.

टण्.

काही पडलं नव्हतं. सगळी भांडी फडताळात जागच्या जागी होती. ती हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. आतून बाबांच्या घोरण्याचा आवाज येत होता, तो थांबला. ती दुसऱ्या बेलची वाट बघू लागली. नळ ठिबकत होता. वाट बघत राहिली...

टण्.

आत घोरणं पुन्हा सुरू झालं. पूर्वानं ताट खाली ठेवलं, आणि चामड्याचा वास विरेपर्यंत ती मागे वळली नाही.