न विचारता केलेली छाटणी

तिने फाटक उघडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कोण कुठला माणूस, हातात छाटणीची कात्री, आणि त्याच्या पायाशी... बाबांच्या गुलाबाच्या लांब, हिरव्यागार फांद्या!

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून या झुडपाला तिने तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. फूल एकदाही आलं नव्हतं. यंदा तरी येईल, म्हणून रोज शाळेत शिकवायला जाण्याआधी ती बादलीभर पाणी घालायची.

“कोणाला विचारून कापलंत?”

“तुमच्या काकांनी पाठवलंय. थंडीच्या आधी अंगण, बाग सगळं साफ—”

“काकांची बाग आहे का ही?”

माळी शांतपणे बुंध्याशी बसला. त्या शांतपणाचाच तिला जास्त राग आला.

“बाई, हे बघा. हा कलमाचा सांधा. याच्या वर तुमच्या वडिलांचा गुलाब, खाली रानगुलाबाचा खुंट. मी कापलं ते सांध्याखालून फुटलेलं रानगुलाबाचं. सगळं पाणी तेच पीत होतं.”

सांध्यावर एक बोटभर फांदी उरली होती. मरतुकडी, पण जिवंत. म्हणजे दोन वर्षं ती भलत्यालाच पोसत होती! तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला संताप आला.

“बरोबर असलात तरी विचारायला हवं होतं!”

“हवं होतं,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

दुसऱ्या दिवसापासून त्याने पिच्छाच पुरवला. “बाई, हे तण उपटू का?” “पाचोळा खड्ड्यात टाकू?” “खुरपं धुऊ?”

“श्वाससुद्धा विचारून घ्या आता!” ती खेकसायची. तो हसायचा नाही, पण ओठाचा एक कोपरा जरासा हलायचा... आणि शाळा सुटली की तिचे पाय घराकडे भराभर पडायचे. भांडायला उशीर नको, एवढंच, असं ती स्वतःला बजावायची.

आठव्या दिवशी काम संपलं. त्याने हत्यारं सायकलला बांधली.

“येतो, बाई.”

“थांबा!” ती पायऱ्या उतरून तरातरा आली. “आठ दिवस कान किटवलेत माझे. खुरपं धुऊ का, म्हणून विचारलंत! आणि पुन्हा येऊ का, एवढं विचारायला जीभ झडली?”

त्याने सायकलचं हँडल घट्ट धरलं. “भीती वाटली...”

“कसली?”

“नाही म्हणाल याची. ते... सोसवलं नसतं मला.”

“म्हणजे मी काय म्हणणार, हेही न विचारताच ठरवून टाकलंत?” तिचं नाक लाल झालं होतं.

त्याने सायकल फाटकाला टेकवली.

“बाई... पुन्हा येऊ? काम नसताना?”

“उद्याच या!” ती ओरडली. “आणि... मला बाई म्हणायचं नाही!”